मधली डबी

दादा : लाल दिवा लागलाय का, एवढंच विचारतोय मी. हो की नाही?

ठमी : नाही. मघाशी नव्हता, आताही नाही. तीन दिवे आहेत, तिन्ही हिरवे.

दादा : कुठल्या मोडेमवर? पहिल्या कंपनीच्या की दुसऱ्या?

ठमी : पहिल्या. भिंतीतून वायर येते, त्याच्यावर. आणि पुढे दुसऱ्याचं विचारशील म्हणून आधीच सांगते, त्याचेही हिरवे. हिरवंगार आहे सगळं. आईच्या खोलीत पीक आलंय.

दादा : ठमे, विनोद नकोत. मी जेवण अर्धं टाकून ऑफिसच्या जिन्यात येऊन उभा आहे. फोन स्पीकरवर आहे का?

ठमी : आहे. मातोश्रींचा हुकूमच आहे तसा. दादाचा फोन म्हणजे स्पीकरवर.

आई : बाळ, जेवलास का रे?

दादा : आई, एक मिनिट. आधी हे मार्गी लागू दे. ठमे, आता नीट ऐक. एक कंपनी बंद पडली की दुसरी चालते, म्हणून तर मी दोन-दोन घेतल्यात. दोन्ही एकाच वेळी पडतील कशा? काही लॉजिक आहे का?

आई : दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय.

दादा : पहिलीचा माणूस म्हणतो, आमची लाइन तुमच्या भिंतीपर्यंत ठणठणीत आहे, दुसरीला विचारा. दुसरीची बाई म्हणते, आमचा सिग्नल उत्तम आहे, पहिलीला विचारा. महिनाभर मी यांच्यात चेंडू झालोय.

ठमी : ओळखीचं वाटतंय. आईच्या कमरेचं हाड मोडलं तेव्हा तूही हेच म्हणाला होतास. माझ्याकडून काही अडचण नाही, ठमीला विचारा.

दादा : तो विषय आत्ता काढायची गरज आहे का?

ठमी : नाही. आपण दिव्यांबद्दल बोलू.

दादा : माझा तो जुना लॅपटॉप घे. पहिल्या मोडेममधून मधल्या राउटरला जी वायर जाते ना, ती राउटरमधून काढ आणि सरळ लॅपटॉपला लाव.

ठमी : राउटर म्हणजे मधली डबी.

दादा : हो, तुझी ती डबी. काढलीस?

ठमी : काढते. एका हातात तू आहेस ना.

आई : माझ्याकडे दे फोन. मी धरते. दे गं इकडे.

ठमी : घे. बघ कशी पटकन हात पुढे करते. औषधाची गोळी धरायला सांगितली की मात्र हात थरथरतो.

आई : बाळ, ऐकू येतंय का? मी बोलतेय.

दादा : ऐकू येतंय, आई. फोन तिच्या तोंडाजवळ धर.

आई : घसा बसलाय का रे तुझा?

दादा : नाही. ठमे, झालं का?

ठमी : लावली. पण पासवर्ड विचारला तर? तो तू मला कुठे दिलायस?

दादा : वायरला पासवर्ड लागत नाही. आणि दिला असता तर तू दिवसभर सिनेमे बघत बसली असतीस. मग आईच्या खोलीतल्या कॅमेऱ्याला नेट कुठून मिळणार?

ठमी : बरोबर आहे. घरात दोन-दोन कंपन्यांचं नेट, आणि मी मोबाइलला रेंज यावी म्हणून खिडकीबाहेर हात काढून उभी असते. शेजारच्यांना वाटतं, भीक मागते.

दादा : एखादं पान उघड. काहीही.

ठमी : उघडलं. हवामानाचं. उद्या ऊन आहे.

दादा : आता तसंच दुसऱ्या मोडेमची वायर लाव.

ठमी : लावली. हेही उघडलं. उद्या ऊनच आहे. दोन्ही कंपन्यांचं एकमत आहे.

दादा : म्हणजे दोन्ही लाइनी चांगल्या. दोन्ही कंपन्या साव, चोर मधला. राउटरचा दिवा कसा आहे?

ठमी : नाहीच आहे. बंद आहे डबी.

दादा : बंद आहे? आणि हे तू आत्ता सांगतेस?

ठमी : तू कंपन्यांच्या दिव्यांचं विचारत होतास. डबीचं विचारलंच नाहीस.

दादा : तुला स्वतःहून सांगायला काय झालं होतं? अक्कल गहाण ठेवलीस का? भिंतीवरचं बटण बघ.

ठमी : खाली आहे. म्हणजे वर. म्हणजे बंद आहे.

दादा : मग दाब ना! आणि वायरी होत्या तशा लाव.

ठमी : लावल्या. दाबलं. लागला दिवा.

दादा : दोन मिनिटं लागतील चालू व्हायला. थांब आता. कशाला हात लावू नकोस.

आई : दोन मिनिटं आहेत ना? मग बाळ, एक सांगायचं होतं तुला. परवा मला स्वप्न पडलं. तू शाळेतून आलास आणि दप्तर...

दादा : आई, मी जरा मेल बघतोय. स्वप्न नंतर सांग.

आई : बरं. लहानसंच होतं.

ठमी : मला सांग. काय होतं दप्तरात?

आई : तुला काय करायचंय? तू नव्हतीस त्यात.

ठमी : मी कशी असणार? स्वप्नात भांडी नसतात घासायला.

दादा : आला! ऑनलाइन दाखवतंय. आता कॅमेरा उघडतो... थांब... गेला. परत गेला! काय केलंस?

ठमी : काही नाही. मी खिडकीपाशी आहे. तू हात लावू नकोस म्हणालास, म्हणून हात बांधून उभी आहे.

दादा : मग राउटर?

ठमी : विझला.

आई : आपोआप विझला, बाई. काय यंत्रं असतात एकेक. आता पहिल्यापासून बघावं लागेल, नाही रे? ते दिवे वगैरे?

दादा : आई, तू मधे पडू नकोस. ठमे, राउटर नवा आहे. अडॅप्टर नवा आहे. बोर्ड मागच्या आठवड्यात माणूस पाठवून बदलून घेतला. सगळं बॅटरीवर आहे, वीज गेली तरी जात नाही. मग हे आपोआप कसं होतं? आणि नेमकं माझ्या जेवणाच्या सुट्टीतच कसं होतं? सकाळी नाही, रात्री नाही. रोज दुपारी हीच वेळ. नेट गेलं की इथे माझा फोन बोंब मारतो आणि माझा घास हातात राहतो.

ठमी : डबीला घड्याळ कळत असेल.

दादा : डबीला नाही, तुला कळतं. मला काय वेडा समजतेस? दुपारी आडवं व्हायचं असतं, कॅमेऱ्यात दिसायला नको, म्हणून बंद करतेस तू.

ठमी : आणि झाले आडवी, तर? रात्री तीनदा उठून कोणी न्यायचं तिला? तुझ्या कॅमेऱ्याने?

दादा : म्हणजे करतेस.

ठमी : असं मी म्हणाले नाही.

दादा : परवा कुरिअरने कार्ड पाठवलं होतं. छोटं, नखाएवढं. कॅमेऱ्यात बसवलंस का?

ठमी : बसवलं. तू सांगितलंस म्हणून. कशाचं आहे ते मला काय माहीत?

दादा : नेट नसतानाही ते रेकॉर्ड करत राहतं. नेट आलं की मला इथे बसून सगळं बघता येतं. आता राउटर चालू कर. दोन मिनिटांत कळेल मला, कोण काय करतं ते.

ठमी : दादा, राहू दे.

दादा : का? पोटात गोळा आला?

ठमी : राहू दे म्हणतेय ना. डबी चालू करते, नेट येईल, तू जेवायला जा. रेकॉर्डिंग बघू नकोस.

दादा : का बघू नको?

आई : ठमे, फोन घे तू. माझा हात दुखला.

दादा : का बघू नको, विचारतोय मी.

ठमी : कारण बघायला काही नाही. मीच करते. झालं? रोज दुपारी मी बंद करते. पाठ टेकायला. आता शिव्या दे आणि जेवायला जा.

दादा : आई, हे खरं आहे?

ठमी : तिला कशाला विचारतोस?

दादा : आई?

आई : आता ती स्वतःच म्हणतेय, तर असेल बाई. मला पडल्या पडल्या काय दिसतं? तिला लहानपणापासून बटणांचा नाद. जाता-येता दिवे लाव, घालव.

ठमी : वा, आई.

आई : मी काय म्हटलं? होता ना नाद?

दादा : महिनाभर, ठमे. महिनाभर मी दोन कंपन्यांशी कुत्र्यासारखा भांडलो. त्या पहिल्या कंपनीच्या माणसाची नोकरी जाईपर्यंत तक्रारी केल्या मी. आणि तू तिकडे पंखा लावून लोळत होतीस. लाज वाटते का काही? लग्न टिकवता आलं नाही, नोकरी टिकवता आली नाही...

ठमी : नोकरी मी सोडली. चष्म्याच्या दुकानात मालक मला काउंटरवर बसवणार होता, तेव्हा सोडली. ही पडली म्हणून. तू म्हणालास म्हणून.

दादा : मी बाई ठेवू शकतो. उद्या ठेवू शकतो. घरातलीच आहे, जीव लावेल, म्हणून तुला ठेवलं.

ठमी : ठेवलं?

दादा : राहू दिलं. मग तू शोध तुझं दुसरं घर. बटणं असलेलं.

ठमी : आई, ऐकतेस ना? स्पीकरवर आहे.

आई : तुम्हा भावंडांची भांडणं. मी म्हातारी त्यात काय बोलू?

ठमी : काहीच नको. ठीक आहे. दादा, डबी चालू केली मी. दिवा लागला. बघ तुझं रेकॉर्डिंग. सावकाश, मोठं करून बघ.

आई : अगं, त्याला सुट्टी तेवढीच असते. कशाला ते बघत बसायचं? बाळ, जेव जा तू.

ठमी : आणि आई, आता काही करू नकोस. काठी मी धरलीय.

दादा : काठी? काय काठी?

ठमी : काही नाही. बघ तू.

दादा : आलं. कॅमेरा लागला. हे काय? खोली रिकामी आहे. आई कुठंय? खाट कुठंय? खिडकीखाली खाट होती ना?

ठमी : होती.

दादा : मग? मला नुसती खिडकी दिसतेय आणि खाली फरशी. आणि कडेला बटणांचा बोर्ड. खाट कुठे गेली?

ठमी : तुझ्या कॅमेऱ्याच्या बाहेर. उजवीकडे, भिंतीला. आईनेच सरकवून घेतली. खिडकीतून वारा लागतो म्हणाली. मला वारा काही लागला नाही, पण सरकवली, मी एकटीने, हिच्यासकट. नंतर पाठ धरली माझी.

दादा : कधी सरकवली?

ठमी : झाला की महिना. त्या आधी कधी डबी बंद पडली होती का, आठव.

दादा : महिना? आणि मला कोणी सांगितलं नाही?

ठमी : तू तर रोज बघतोस ना, दादा? ऑफिसात सांगतोस सगळ्यांना, म्हणे आईवर माझं दिवसातून दहादा लक्ष असतं. महिनाभर काय बघत होतास? फरशी?

आई : अगं, कामात असतो तो. नसेल लक्षात आलं.

दादा : नेट चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालतो माणूस. बंद पडलं तर फोन ओरडतोच. सारखं उघडून कशाला बघायचं?

ठमी : हे बरं सांगितलंस. आई, ऐकलंस? की तिथेही तुला पडल्या पडल्या काही ऐकू येत नाही?

आई : ऐकलं.

दादा : थांबा. दुपारचं लावलंय मी. खिडकी... फरशी... ठमे, तू कुठंयस?

ठमी : स्वयंपाकघरात. तिचं ताट धूत होते.

दादा : थांब... हे काय आलं कडेने? काठी आहे. काठीचं टोक. हळूहळू... बोर्डाकडे जातंय. चुकलं. परत आलं. बटणाला टेकलं. गेलं नेट. काठी कोणाची आहे?

ठमी : घरात लंगडतं कोण?

दादा : आई?

आई : धक्का लागला असेल रे.

दादा : धक्का? मघाशी दुसऱ्यांदा नेट गेलं ना, ते बघतोय मी. मी ऑनलाइन आलं म्हणालो आणि लगेच काठी आली. नेम धरून दाबलंयस तू बटण! ठमे, हिला भ्रम व्हायला लागलाय. डॉक्टरांना दाखव.

ठमी : तिला काही भ्रमबिम नाही. तुझी सुट्टी किती वाजता असते, हे तुझ्या बायकोला माहीत नसेल, हिला माहीत आहे.

दादा : मग हे काय आहे?

ठमी : सांग, आई. सांग तुझ्या बाळाला. स्पीकरवर सांग.

आई : गप गं. बोलायची गरज आहे का सगळं?

ठमी : मघाशी माझ्याबद्दल बोलायची होती ना गरज, तीच ही. बटण बंद पडलं की तुझा फोन येतो, दादा. एवढंच आहे. तुझ्या दोन कंपन्यांचा बिघाड तो.

दादा : म्हणजे?

आई : म्हणजे काय रे? मी फोन केला की तू कापतोस. मग अक्षरं येतात, नंतर करतो. ठमी वाचून दाखवते. ते नंतर काही येत नाही. आणि डबी विझवली की मिनिटात तुझा आवाज.

दादा : आई, मी कामात...

आई : कामातच असतोस, माहीत आहे मला. म्हणून तर जेवणाच्या वेळेला करते. इतर वेळी कधी हात लावला का? ठमीला विचार.

दादा : म्हणजे मी दोन-दोन कंपन्यांना फैलावर घेतलं, राउटर बदलला, बोर्ड बदलला, आणि हे सगळं कशासाठी, तर तुला गप्पा मारायच्या होत्या?

आई : गप्पा कुठे मारतोस रे तू? तू ठमीला दिव्यांचं विचारतोस. ते मी ऐकते.

ठमी : दादा? आहेस का? की तुझीही डबी विझली?

दादा : आहे. आणि तुला हे माहीत होतं, ठमे. पहिल्या दिवसापासून.

ठमी : दुसऱ्या. पहिल्या दिवशी मलाही खरं वाटलं.

दादा : मग बोलली का नाहीस?

ठमी : तू जिन्यात उभा राहून घसा फोडायचास, कंपन्यांना शिव्या द्यायचास, मला इकडची वायर तिकडे करायला लावायचास. मला मजा वाटायची. आणि फोन झाला की ही संध्याकाळपर्यंत कुरकुर करायची नाही. मला तेवढाच आराम. आपण सगळे आपापल्या फायद्याने होतो, दादा.

दादा : बस. हे आत्ताच्या आत्ता संपवायचं. ठमे, स्टूल आण. राउटर कपाटाच्या वर ठेव. वायर लांब आहे, पुरेल. बोर्डावरून काढून थेट बॅटरीच्या मागे लाव, तिथे बटण नाही.

आई : ठमे, तू कशाला चढतेस? तुझी पाठ दुखते ना?

ठमी : आज नाही दुखत.

आई : पडशील बाई. उद्या माणूस बोलावू.

ठमी : माणूस कशाला? मला लहानपणापासून नाद आहे. आज हौस फेडून घेते.

आई : ठमे, तू तरी...

ठमी : मी तरी काय? बोल. मी तरी काय, आई?

आई : काही नाही.

दादा : झालं का?

ठमी : झालं. वर ठेवला. दिवा लागला. माझाच हात जेमतेम पोचतो.

दादा : उत्तम. आणि मी त्यात मोबाइलचं एक सिमही घालून पाठवतो. म्हणजे दोन्ही कंपन्या बुडाल्या तरी चालू राहील. आई, ऐकतेस का? आता हे कधीच बंद पडणार नाही. निश्चिंत राहा.

आई : कधीच?

दादा : कधीच. वीज जाऊ दे, वादळ येऊ दे.

आई : चुकून पडलं, तर करशील फोन?

दादा : पडणारच नाही ना आता. हां, आणि तुझ्या त्या प्रश्नाचंही बघतो मी. मला काय कळत नाही का? कॅमेऱ्यात स्पीकर आहे. मी इथून बोलून ठेवतो, रोज सकाळी त्याच वेळी आपोआप वाजेल. तुला रोज माझा आवाज. सुट्टी असो, मी दौऱ्यावर असो, चुकायचं नाही. थांब, आत्ताच करतो. लावून बघू. गप्प राहा दोघी.

कॅमेरा : आई, कशी आहेस? औषध घेतलंस का? वेळेवर जेव. काळजी घे. मी मजेत आहे.

आई : घेतलं रे औषध. सकाळचं घेतलं, दुपारचं ठमी देईल आता. पाय जरा...

दादा : आई, ते रेकॉर्डिंग आहे.

आई : हो का?

दादा : आवाज स्वच्छ येतो ना?

आई : फोनपेक्षा स्वच्छ आहे. आणि मी काही बोलले त्यावर, तर?

दादा : तेही कार्डावर राहतं की. वेळ मिळाला की ऐकेन मी.

ठमी : वेळ मिळाला की खाटही शोध.

दादा : कॅमेरा जरा उजवीकडे वळव, म्हणजे खाट दिसेल.

ठमी : कोणाला दिसेल?

दादा : ठमे, तुला ना... जाऊ दे. मघाशी बाईबद्दल बोललो, ते मनावर घेऊ नकोस. रागात बोललो. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.

ठमी : माहीत आहे. तुझा फोन माझ्यासाठी कधीच ओरडत नाही.

दादा : आणि ती काठीही जरा लांब ठेव तिच्यापासून. बाकी ठीक आहे ना सगळं? सगळे दिवे हिरवे?

ठमी : सगळे.

दादा : चला, मग मी ठेवतो. मीटिंग आहे.

आई : बाळ, ते स्वप्न...

(फोन बंद झाला. ठमी स्टुलावरून उतरली. कपाटावरची डबी आपली मजेत लुकलुकत होती. तिचं काय जातंय!)

आई : ठेवला का त्याने?

ठमी : ठेवला.

आई : जेवला की नाही, ते सांगितलंच नाही.

ठमी : उद्या सकाळी विचार. कॅमेऱ्याला.

आई : तू ना, ठमे, तुझ्या जिभेला धार लावलेली आहे अगदी. बापावर गेलीस.

ठमी : गोळी घे. आ कर.

आई : कडू आहे.

ठमी : रोज कडूच असते.

आई : मघाशी मी ते बोलले, बटणांचं. तुझ्या मनात राहिलं का?

ठमी : पाणी घे आणखी.

आई : तो रागावला असता माझ्यावर. मग फोनच केला नसता परत. तू काय, तू घरातलीच.

ठमी : हो. मी घरातलीच.

आई : ठमे.

ठमी : काय?

आई : काठी कुठे ठेवलीस?

ठमी : कपाटावर. डबीच्या शेजारी.

आई : आणि मला बाथरूमला जायचं झालं, तर?

ठमी : हाक मार. मी कधी बंद पडलेय?